टस्कनीत गाडीने फिरताना आधी पार्किंग ठरवा, गावं नंतर

इटलीतल्या टस्कनीच्या रोड ट्रिपचे प्लॅन ओळखीतले लोक मला नेहमी दाखवायला आणतात. त्यात गावं असतात, हॉटेलं असतात, कुठल्या दिवशी कुठली वायनरी (वाइन बनवण्याची जागा) तेही असतं. गाडी कुठे लावणार, हे मात्र कुणीच लिहिलेलं नसतं. ही सगळी तटबंदीची गावं आहेत आणि पाहुण्याने गाडी तटाच्या बाहेरच ठेवायची असते. एवढं लक्षात घेतलं तर निम्मा प्लॅन आपोआप जमतो.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आणि विमा तुम्ही बघालच. गाडी लहान घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंग करतानाच सांगा, नाहीतर गिअरची मिळेल.

मार्ग असा आखा: पिसा विमानतळावर गाडी घेऊन लुक्का, मग सान जिमिन्यानो, वोल्तेर्रा, मोंतेरिज्जोनी, सिएना, तिथून दक्षिणेला मोंताल्चीनो, पिएंझा, मोंतेपुल्चानो आणि परतताना किआंतीच्या टेकड्यांतून फ्लॉरेन्स. फ्लॉरेन्स शेवटीच ठेवा. तिथल्या विमानतळावर गाडी परत करा आणि ट्रामने शहरात जा. फ्लॉरेन्समध्ये गाडी हवीच कशाला? या सगळ्या फेरीला आठ दिवस लागतात. पाच दिवसांत उरकायचं असेल तर दक्षिणेची तीन गावं सोडा, पण रोज मुक्काम हलवू नका.

आता झेडटीएल. म्हणजे 'झोना त्राफिको लिमितातो', मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या गावाच्या वेशीवर लाल कडेची पांढरी गोल पाटी असते आणि वर कॅमेरा. परवानगी नसलेली गाडी आत गेली की नंबर टिपला जातो. अडवायला दांडी नाही, शिट्टी मारायला पोलीस नाही. आपण चुकलो हे त्या क्षणी कळतच नाही, म्हणून हा टप्पा अवघड.

पहिल्या खेपेला आम्ही संध्याकाळी एका गावात पोचलो. हॉटेल तटाच्या आत होतं. वेशीवरच्या पाटीवर लाल अक्षरांत 'वार्को अत्तीवो' झळकत होतं. 'वार्को' म्हणजे वेस, 'अत्तीवो' म्हणजे चालू, म्हणजे रस्ता चालू, असं मी नवऱ्याला सांगितलं आणि आम्ही आत गेलो. अर्थ नेमका उलटा आहे: चालू असतो तो कॅमेऱ्याचा पहारा. वेस आपल्यासाठी बंद असते. 'वार्को नॉन अत्तीवो' असेल तेव्हाच आत जाता येतं. आतली गल्ली एकेरी, हॉटेल चुकलं, फिरून दुसऱ्या वेशीने आम्ही पुन्हा आत आलो. सात महिन्यांनी दोन वेगवेगळे दंड घरी आले. प्रत्येक प्रवेशाचा दंड वेगळा, साधारण ८० युरोंच्या वर, आणि आपलं नाव-पत्ता कळवल्याबद्दल गाडी भाड्याने देणारी कंपनी कार्डावरून वेगळे पैसे कापते ते निराळंच. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला कायद्याने ३६० दिवस असतात, तेव्हा दोन महिन्यांत काही आलं नाही म्हणून सुटलो समजू नका.

'जीपीएस सांभाळून घेतो' हा सल्ला मला अजिबात पटत नाही. नकाशात गावाचं नाव टाकलं की तो तुम्हाला गावाच्या मधोमध नेतो, आणि मधोमध म्हणजेच झेडटीएल. म्हणून गावाचं नाव टाकायचंच नाही, पार्किंगचं टाकायचं. घरी बसून प्रत्येक गावासाठी तटाबाहेरची दोन पार्किंग शोधा, एक भरलेलं असेल तर दुसरं, आणि ती नकाशात सेव्ह करा. सान जिमिन्यानोला पी१ जुबिलेओ लांब आणि स्वस्त, पी२ मोंतेमाज्जो वेशीजवळ पण लवकर भरतं. सिएनाला सांता कातेरीना घ्या. तिथून सरकते जिने थेट वर, कॅथेड्रलच्या अंगाला सोडतात. सामान आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्या जिन्यांची किंमत कळते.

हॉटेल आतलंच घ्यायचं असेल तर गाडीचा नंबर त्यांच्याकडून पालिकेला कळवावा लागतो, आणि नंबर तर गाडी हातात आल्यावरच समजतो. म्हणून चावी मिळाली की तिथूनच नंबर हॉटेलला पाठवा आणि 'नोंद झाली' असं लेखी उत्तर मागून घ्या. तोंडी 'या, काही होत नाही' यावर जाऊ नका. माझं स्पष्ट मत, तटाच्या आत राहूच नका. बाहेर द्राक्षमळ्यांत 'आग्रितुरिस्मो' असतात, शेतावरची घरं. गाडी दारात राहते आणि सकाळी खिडकीबाहेर द्राक्षांच्या रांगा दिसतात.

पार्किंगच्या रेषा: निळी म्हणजे पैसे, पिवळी म्हणजे राखीव, पांढरी बहुधा फुकट, पण काही शहरांत ती फक्त रहिवाशांची असते. पाटी वाचा. आडवेतिडवे दोन हातोडे म्हणजे कामाचे दिवस, क्रूस म्हणजे रविवार आणि सुट्ट्या.

वायनरीत आधी वेळ घ्या, दिवसाला दोनच. दुपारी एक ते तीन बऱ्याच ठिकाणी शुकशुकाट असतो, तेव्हा जेवून घ्या. सान जिमिन्यानोला वेर्नाच्चा ही पांढरी वाइन, मोंताल्चीनोला ब्रुनेल्लो ही वाइन, जी फक्त सांजोवेसे द्राक्षाची असते. मोंतेपुल्चानोची तळघरं गावातच, जुन्या वाड्यांखाली आहेत, त्यामुळे गाडी खाली ठेवून चालतच चढा. रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे, लायसन्स तीन वर्षांपेक्षा नवं असेल तर शून्य. 'दोन घोटांनी काय होतंय' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. कोण चालवणार ते सकाळीच ठरवा. त्याने चव घेऊन टेबलावरच्या भांड्यात थुंकावं, त्यासाठीच ते ठेवलेलं असतं, कुणी वाईट मानत नाही. त्याच्या आवडीची बाटली रात्री मुक्कामी उघडा.

लुक्काच्या तटावर सायकल घ्या, चार किलोमीटरचा फेरा आहे. मोंतेरिज्जोनीला तासभर पुरे. सिएना ते फ्लॉरेन्स मात्र चौपदरी रस्त्याने जाऊ नका. तो तासाभरात पोचवतो, पण किआंती बघायची ती २२२ नंबरच्या जुन्या रस्त्यावरून, कास्तेल्लीना, पांझानो, ग्रेवे ही गावं करत. अर्धा दिवस हाताशी ठेवा आणि टाकी सिएनातच भरून घ्या.