गॅस जनरेटर समांतर जोडण्यापूर्वीची तयारी

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत किंवा नंदेसरीत एका बसवर (दोन्हींची वीज एकत्र करणाऱ्या समाईक पट्टीवर) दोन गॅस जनरेटर चालवणाऱ्यांनी, अल्टरनेटर (सेटचा वीज तयार करणारा भाग) दुरुस्तीहून परत आल्यावर ते पुन्हा समांतर जोडण्यापूर्वी काय काय पाहून ठेवावे, याची ही यादी आहे. तेल, कूलंट, बॅटरी, गॅसगळती आणि अर्थिंग यांविषयी मी लिहीत नाही. ज्याला ते सांगावे लागते त्याने सेटला हात लावू नये. मागच्या वेळी ड्रूप सीटीची (केव्हीएआर वाढला की विद्युतदाब किंचित उतरवावा म्हणून एव्हीआरला, म्हणजे विद्युतदाब राखणाऱ्या नियंत्रकाला, प्रवाह कळवणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरची) दिशा तपासायची राहिली होती, म्हणून ती तपासणी पुढे वारंवार येईल आणि प्रत्येक वेळी ती वाचावी अशी माझी विनंती आहे.

सर्वांत आधी प्रत्येक सेटच्या पॅनेलवर किलोवॅट (प्रत्यक्ष काम करणारी वीज), केव्हीएआर (मोटारी वगैरेंच्या चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह वीज), विद्युतदाब आणि वारंवारिता हे चारही आकडे वेगवेगळे आणि खरे दिसतात याची खात्री करावी. केवळ अँपिअर पाहून लोड वाटला गेला की नाही हे ठरवता येत नाही. 500 केव्हीएचे, 415 व्होल्टचे दोन सेट मिळून 400 किलोवॅट आणि 300 केव्हीएआर देत असतील, तर नीट वाटणी झाल्यास प्रत्येकावर सुमारे 348 अँपिअर यायला हवेत. किलोवॅट 200-200 असे समान राहून सगळा केव्हीएआर एकाच सेटवर गेला, तर त्याच्यावर सुमारे 502 आणि दुसऱ्यावर 278 अँपिअर दिसतात. हे पाहून पहिला सेट ‘जास्त ओढतो’ म्हणून त्याचा गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारा नियंत्रक) फिरवत बसणे हा वेळेचा शुद्ध अपव्यय आहे. किलोवॅट इंजिनाला मिळणाऱ्या गॅसवर ठरतात आणि केव्हीएआर एक्सायटेशनवर (अल्टरनेटरच्या चुंबकाला दिलेल्या प्रवाहावर). किलोवॅट बिघडले असतील तर गव्हर्नरकडे जावे, केव्हीएआर बिघडला असेल तर एव्हीआरकडे. दोन्हींचे स्क्रू एकाच वेळी कधीही फिरवू नयेत.

सेट बंद असताना करायच्या कामांत ड्रूप सीटी पहिली. अल्टरनेटर उतरवताना सीटीतून जाणारी केबल काढावी लागते आणि परत घालताना ती उलट्या बाजूने घातली जाऊ शकते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही वावगे दिसत नाही. म्हणून पी1 (सीटीवरची केबलच्या दिशेची खूण) कोणत्या बाजूला आहे, एस1 आणि एस2 (सीटीच्या सेकंडरीची टोके) एव्हीआरच्या कोणत्या टर्मिनलांवर गेले आहेत आणि सीटी कोणत्या फेजवर बसली आहे, हे तिन्ही मुद्दे मॅन्युअलमधील आकृतीशी ताडून पाहावेत. दोन फेजांवरून विद्युतदाबाचे सेन्सिंग घेणाऱ्या बहुतेक एव्हीआरमध्ये सीटी तिसऱ्या फेजवर असते, पण अंतिम शब्द त्या एव्हीआरच्या आकृतीचाच. सेट चालू असताना सीटीची सेकंडरी उघडी पडता कामा नये. तेथे जीवघेणा दाब तयार होतो. याच बैठकीत गव्हर्नरच्या लोडशेअरिंग (आपसात लोड वाटून घेण्याच्या) तारांची पोलॅरिटी पाहावी आणि त्यांचे शील्ड एकाच टोकाला अर्थ केलेले असावे. न्यूट्रल कॉन्टॅक्टर (न्यूट्रल जोडणारे-तोडणारे स्विच) असतील तर समांतर चालताना त्यांपैकी एकच जोडलेला राहतो ना, तेही पाहावे, कारण वेगवेगळ्या बनावटीच्या अल्टरनेटरांचे न्यूट्रल जोडलेले राहिले तर त्यांतून तिसऱ्या हार्मोनिकचा (मूळच्या तिप्पट वारंवारितेचा) प्रवाह फिरत राहतो.

यानंतर दुरुस्त झालेला सेट एकटा चालवावा. येथे बहुतेक जण रोधी लोडबँक (हीटरसारखा चाचणीचा लोड) लावतात, विद्युतदाब स्थिर दिसला की समाधानाने सह्या करतात, आणि नेमके येथेच फसतात. रोधी लोडचा पॉवर फॅक्टर 1 असतो, म्हणजे तो केव्हीएआर ओढत नाही. त्या लोडवर सरळ बसवलेली ड्रूप सीटी आणि उलटी बसवलेली ड्रूप सीटी जवळजवळ सारखीच वागते. रोधी लोडवर विद्युतदाब लक्षणीय हलला तर सीटी चुकीच्या फेजवर असल्याचा संशय घेता येतो, एवढाच त्या चाचणीचा उपयोग. दिशा तपासायची असेल तर लॅगिंग (केव्हीएआर ओढणारा) लोडच हवा, म्हणजे कमी लोडवर फिरणाऱ्या मोठ्या मोटारी किंवा रिअॅक्टिव्ह लोडबँक. लॅगिंग लोड वाढवत नेला की विद्युतदाब किंचित उतरला पाहिजे. ड्रूप 3 ते 4 टक्क्यांवर ठेवलेला असेल तर 0.8 पॉवर फॅक्टरच्या पूर्ण लोडला 415 व्होल्टमधून साधारण 12 ते 16 व्होल्ट कमी होतील. विद्युतदाब उतरण्याऐवजी चढला तर सीटी उलटी आहे. असा सेट समांतर जोडला की केव्हीएआर घेत जाईल तसतसे त्याचे एक्सायटेशन आणखी वाढते आणि दुसरा सेट लीडिंगमध्ये (केव्हीएआर देण्याऐवजी घेण्याकडे) ढकलला जातो. मग दोघांपैकी कोणता आधी ट्रिप होईल एवढाच प्रश्न उरतो.

या चाचणीला दोन गोष्टी निष्फळ करतात आणि दोन्ही सहज विसरल्या जातात. पहिली म्हणजे कपॅसिटर पॅनेल. ते ऑटोवर राहिले तर मोटारींचा सगळा लॅगिंग केव्हीएआर तेच भरून काढते, पॉवर फॅक्टर 1 च्या जवळ जातो आणि उलटी सीटी पुन्हा लपते. दुसरी म्हणजे सेट एकटा असताना ड्रूप सीटी शॉर्ट करणारा ब्रेकरचा सहायक कॉन्टॅक्ट किंवा स्विच. तो शॉर्ट असेल तर विद्युतदाब हलणारच नाही, आणि न हललेला विद्युतदाब म्हणजे चाचणीत उत्तीर्ण झालेली सीटी नव्हे. कपॅसिटर बंद, शॉर्टिंग काढलेले, लोड लॅगिंग: या तीन अटी पुऱ्या झाल्याशिवाय ड्रूप सीटी तपासली असे कोणी म्हणू नये. ही चाचणी प्रत्येक सेटवर वेगळी घ्यावी, ज्याला हात लागलेला नाही त्याच्यावरही.

गव्हर्नरची बाजू त्या मानाने सरळ आहे. दोन्ही सेट ड्रूपवर (येथे लोड वाढेल तशी वारंवारिता किंचित उतरू देऊन) चालवायचे असतील तर ड्रूपची टक्केवारी आणि बिनलोडची वारंवारिता दोन्हींवर सारखी हवी. बिनलोडला दोघेही 52 हर्ट्झवर असून एकाचा ड्रूप 4 आणि दुसऱ्याचा 3 टक्के असेल, तर 50.5 हर्ट्झला दुसरा पूर्ण भरलेला असतो आणि पहिला 75 टक्क्यांवरच. गॅस इंजिन डिझेलइतके चपळ नसते, कारण थ्रॉटल उघडल्यावर मिक्सर आणि टर्बोमधून वाढीव मिश्रण सिलिंडरपर्यंत पोहोचायला वेळ लागतो, आणि म्हणून गेन (गव्हर्नरच्या प्रतिसादाचा जोर) वाढवून हंटिंग (वेगाचे झुलणे) जात नाही, उलट ते बळावते. किलोवॅट झुलत असतील तर गेनला हात लावण्यापूर्वी गॅसचा दाब लोड चढताना स्थिर राहतो का, स्पार्कप्लग चुकतो का आणि एअर फिल्टर धुळीने भरला आहे का, हे पाहावे. वैशाखात बडोद्याचा पारा 40 अंशांपलीकडे गेला की नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडण्याची) शक्यता वाढते आणि सेटकडून पाटीवरचा पूर्ण लोड अपेक्षू नये.

सिंक करण्यापूर्वी (दोन्ही सेटचा ताल जुळवून ब्रेकर जोडण्यापूर्वी) फेजक्रम दोन्ही बाजूंना मीटरने पाहावा. सिंक्रोस्कोप (दोन्ही बाजूंच्या फेजमधला फरक घड्याळासारख्या काट्याने दाखवणारे यंत्र) 12 वर असताना उघड्या ब्रेकरच्या एकाच फेजच्या वरच्या आणि खालच्या टोकांमधला दाब शून्याजवळ यायला हवा. तो आला नाही तर पीटीची (सिंक्रोस्कोपला विद्युतदाब देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची) जोडणी चुकली आहे आणि त्या सिंक्रोस्कोपवर विश्वास ठेवू नये. दोन्ही न्यूट्रल जोडलेले असतील तरच हे मोजमाप खरे, आणि 6 वर तेथे सुमारे 480 व्होल्ट येतात, म्हणून मीटर त्या लायकीचे हवे. काटा घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरत असताना, 12 च्या किंचित आधी ब्रेकर घ्यावा.

जोडल्यावर लगेच थोडे किलोवॅट द्यावेत, नाहीतर रिव्हर्स पॉवर रिले (सेट उलट वीज घेऊ लागला की ब्रेकर काढणारा) उचलतो. लोड लहान पायऱ्यांनी चढवावा. किलोवॅट सारखे, केव्हीएआर वेगळे असे दिसले तर थांबावे आणि ड्रूप सीटीकडे परत जावे. उतरवताना किलोवॅट आणि केव्हीएआर दोन्ही शून्याजवळ आणून मगच ब्रेकर काढावा. चाचणीसाठी काढलेले शॉर्टिंग परत लावावे, सीटीच्या पी1 बाजूला आणि केबलवर रंगाची खूण करावी, आणि कपॅसिटर पॅनेल सर्वांत शेवटी ऑटोवर घ्यावे.