गाडीवरचे जाळीदार चरे आणि मशीन पॉलिश

उन्हात काळ्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे चमकतात ना? बहुतेक वेळा ती रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ पुसल्याची करामत असते. मशीन पॉलिशने ते जातात, पण आधी चऱ्यावर आडवं नख फिरवा. नख अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या मागे लागू नका. वरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसापेक्षाही पातळ असतो आणि पॉलिश म्हणजे तोच किंचित घासून काढणं.

नवशिक्याने ड्युअल ॲक्शन मशीनच घ्यावं, त्याचं पॅड फिरता फिरता डोलतंही. नुसतं गोल फिरणारं रोटरी मशीन एका जागी रेंगाळलं की रंग जळतो. गाडी धुवा, क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीची वडी) फिरवा. मग सावलीत, पत्रा थंड असताना, मऊ फोम पॅड आणि सौम्य पॉलिशने दीड फुटाचा एकच तुकडा करून पाहा: वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, हात हळू, आडवे-उभे फेरे. कडांवर कोट सर्वांत पातळ, तिथे आधीच मास्किंग टेप लावा.

पॉलिशमधलं तेल चरे झाकून फसवतं, म्हणून पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्च मारा. चरे उरले, तरच पॅड किंवा पॉलिश एक पायरी कडक घ्या.