नेक डिसेक्शन रिपोर्टिंगला नवीन बसणाऱ्यांसाठी: ईएनई, म्हणजे कॅन्सर लिम्फ नोडबाहेर गेलेला, आहे की नाही, हे सगळ्यांचं एकच कसं येईल

यंदा पॅथॉलॉजी मिळालेल्या दोघातिघांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. गोव्यात एमडी करा, मिरजेत करा नाहीतर बेळगावात, आपल्या भागात पॅथॉलॉजी घेतली की तोंडाच्या कॅन्सरपासून सुटका नाही. तंबाखू, मशेरी, सुपारी, गुटखा, कारण काही असो, गालाच्या आतला आणि हिरडीचा कॅन्सर इतका येतो की थोड्याच महिन्यांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा झोपेतही ओळखता येतो. एमडीएस ओरल पॅथॉलॉजीवाल्यांचं तर तेच मुख्य काम.

खरी मारामारी असते मानेच्या नोड्सवर. सर्जनने नेक डिसेक्शन, म्हणजे मानेतले हे नोड काढायचं ऑपरेशन, केलेलं असतं, लेव्हलप्रमाणे (मानेच्या भागाप्रमाणे) डब्या येतात, नोडमधे ट्यूमर आहे हे दिसतं, पण तो कॅप्सूलच्या, म्हणजे नोडच्या आवरणाच्या, आतच आहे की कॅप्सूल फोडून बाहेरच्या चरबीत गेलाय? गेला असेल तर ते एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन, सगळे ईएनईच म्हणतात, जुन्या पेपरांत ईसीएस दिसेल, तेच ते. अवघड जागेची एकच स्लाईड चार जणांना दाखवा, दोघं आहे म्हणतील, एक नाही म्हणेल आणि चौथा म्हणेल डीपर, म्हणजे मेणाच्या ब्लॉकमधून आणखी खोलचा सेक्शन, काढूया.

आता एवढा गोंधळ का घालायचा, तर २००४ साली युरोपातली ईओआरटीसी २२९३१ आणि अमेरिकेतली आरटीओजी ९५०१ अशा दोन ट्रायल्स एकदमच छापून आल्या, आणि पुढच्या वर्षी दोन्हींचा डेटा एकत्र करून बघितला तेव्हा दिसलं की ऑपरेशननंतरच्या रेडिएशनला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध जोडायचा फायदा मुख्यतः दोन प्रकारच्या पेशंटना होतो, एक ज्यांची मार्जिन पॉझिटिव्ह आहे (कापलेल्या कडेला ट्यूमर आहे) आणि दुसरे ज्यांचा ट्यूमर नोडबाहेर गेलाय. तेव्हापासून तुमच्या रिपोर्टातल्या या एका ओळीवर केमो ठरते. आणि सिस्प्लॅटिन म्हणजे किडनी, कान, उलट्या सगळं आलं. नसताना आहे लिहिलं तर माणसाला फुकटचा त्रास, असताना नाही लिहिलं तर आजार परत यायची भीती. त्यात एजेसीसी या अमेरिकन कमिटीच्या कॅन्सर स्टेजिंगच्या आठव्या आवृत्तीने, जी २०१८ पासून लागू झाली, ईएनई थेट स्टेजिंगमधेच घातलं. त्याच बाजूचा तीन सेंटिमीटरपर्यंतचा एकच नोड असेल तर ईएनई नसताना पीएन१ (पीएन म्हणजे ऑपरेशननंतर नोड बघून ठरलेली कॅटेगरी), असताना सरळ पीएन२ए, आणि नोड एकापेक्षा जास्त असून एकातही ईएनई असेल तर पीएन३बी. एचपीव्ही या व्हायरसला पॉझिटिव्ह असलेल्या ऑरोफॅरिंक्सच्या (घशाच्या) कॅन्सरला त्या आवृत्तीत हे लागू नाही, तिथे ऑपरेशननंतर नुसते पॉझिटिव्ह नोड मोजायचे, चारपर्यंत पीएन१ आणि चाराच्या वर पीएन२, पण आपल्याकडे बहुतेक काम तोंडाचंच त्यामुळे ते परीक्षेपुरतं पाठ करा.

आपल्या इकडे याचा त्रास कसा होतो बघा. पेशंट सत्तरीतला, पेडण्यातला, नाहीतर पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडीचा. ऑपरेशन इथे होतं आणि घरचे ब्लॉक-स्लाईडची डबी घेऊन कोकणकन्येने मुंबईला सेकंड ओपिनियनला जातात. तिकडचा रिपोर्ट येतो, बाकी सगळं तेच, फक्त ईएनई उलटं. अशाच एकाच्या मुलाचा फोन मी रेसिडेंट असताना उचलला होता. "मॅडम, तुमच्या कागदावर निगेटिव्ह आणि त्यांच्या कागदावर पॉझिटिव्ह, आता आम्ही कोणाचं धरायचं?" मी काय सांगणार, कन्सल्टंटकडे फोन दिला. नंतर स्लाईड परत आल्या तेव्हा मल्टिहेडवर (अनेकांना एकदम बघता येतं त्या मायक्रोस्कोपवर) बघितलं तर दोन्हीकडच्यांनी एकाच जागेवर बोट ठेवलेलं, नोडचा हायलम, म्हणजे रक्तवाहिन्या आत-बाहेर जातात ती खाच. तिथे कॅप्सूल सलग नसते आणि चरबी नोडच्या आत शिरलेली असते, एकाने ती चरबी बाहेरची धरली, दुसऱ्याने नोडचीच धरली. दोघांचे डोळे चांगले, अनुभव दांडगा, फक्त हायलमला काय धरायचं हे दोघांच्यात कुठे लिहिलेलं नव्हतं.

म्हणून माझं मत असं झालंय की ईएनईवर एकमत मायक्रोस्कोपवर होत नाही, ते आधीच व्हावं लागतं, ग्रॉसिंगच्या (स्पेसिमेन बघून, कापून तुकडे घ्यायच्या) टेबलावर आणि लिहून ठेवलेल्या नियमांत. नवीन माणसाच्या हातात यातलं अर्धं काम पहिल्या दिवसापासून असतं, कारण ग्रॉसिंग तुम्हीच करता.

ग्रॉसिंगला नवीन पोरं काय करतात, तर चरबीतून नोड शोधून सीताफळाच्या बिया काढाव्यात तसे स्वच्छ सोलून कॅसेटमधे टाकतात. दिसायला फार सुंदर. पण ट्यूमर कॅप्सूलबाहेर गेलाय का हे ज्या चरबीत दिसणार होतं तीच तुम्ही डस्टबिनमधे टाकली. नोडभोवती चरबीची कड ठेवायचीच, आणि नोड मोठा, कडक, पांढरट दिसत असेल तर अजून जास्त. स्पेसिमेन फॉर्मालिनमधे नीट फिक्स होऊ द्या, घाईघाईत ओल्या चरबीत सुरी चालवलीत तर कॅप्सूल फाटते आणि ते फाटणं पुढे स्लाईडवर कोणाला तरी ईएनई वाटतं. नोड लांबीच्या दिशेने दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करून कापा. साधे दिसणारे नोड पूर्ण घ्यायचे, आणि उघड उघड ट्यूमर असलेल्या मोठ्या नोडमधून जिथे कडा अस्पष्ट आहे, आजूबाजूच्या चरबीला किंवा मसलला चिकटलाय, ती जागा घ्यायची, मधला भाग घेऊन काही कळत नाही. एका कॅसेटमधे दोन नोडच्या चकत्या टाकत असाल तर वेगवेगळी इंक लावा, नाहीतर मोजताना एकाचे दोन होतात. ग्रॉसमधे एकमेकांना चिकटलेले नोड दिसले तर मॅटेड लिहा, पण तेवढ्यावर ईएनई आहे असं धरू नका, ते मायक्रोस्कोपच ठरवणार.

मग स्लाईड. व्याख्या तशी सरळ आहे, नोडमधला ट्यूमर कॅप्सूल पार करून बाहेरच्या कनेक्टिव्ह टिश्यूत गेला पाहिजे, भोवती डेस्मोप्लास्टिक (दाट तंतूंची) रिअ‍ॅक्शन असो वा नसो. रिअ‍ॅक्शन दिसली नाही म्हणून नाही म्हणणारे अजून भेटतात, त्यांना नम्रपणे प्रोटोकॉल दाखवा. कॅप्सूल जाड झालीय, ट्यूमर तिच्यात घुसलाय पण पलीकडे पोचला नाही, ते ईएनई नाही. बाहेरच्या चरबीत एखाद्या लिम्फॅटिकच्या (लिम्फ वाहणाऱ्या नळीच्या) आत ट्यूमरचा गोळा बसलाय, तेही नाही. नोडचा मागमूसच नाही, नुसता चरबीत ट्यूमरचा गोळा, तो सॉफ्ट टिश्यू डिपॉझिट, तो साधारणपणे ईएनई असलेला नोड म्हणूनच धरतात. आणि हायलम, ज्याचं वर सांगितलं, तिथे नुसती चरबी दिसली म्हणून घाई करायची नाही, त्या नोडची बाहेरची रेघ कुठून जाते ते लो पॉवरवर आधी बघायचं. खरं तर सगळंच आधी लो पॉवरवर बघायचं. नवीन लोक थेट चाळीसच्या ऑब्जेक्टिव्हवर जातात आणि तिथे प्रत्येक गोष्ट बाहेर गेल्यासारखी दिसते.

मापाचं थोडं. कॅप्सूलच्या बाहेरच्या कडेपासून ट्यूमर सगळ्यात लांब जिथे गेलाय तिथपर्यंत मोजायचं, २ मिलिमीटरपर्यंत मायनर, त्याच्या वर मेजर. तुमच्या आयपीसवर १०एक्स/२० असं काहीतरी लिहिलेलं असेल, त्यातला २० हा फील्ड नंबर, त्याला ऑब्जेक्टिव्हने भागलं की समोरचा गोल किती मिलिमीटरचा आहे ते कळतं, म्हणजे दहाच्या ऑब्जेक्टिव्हला बरोबर २ मिलिमीटर. कॅप्सूलची कड गोलाच्या एका टोकाला टेकवा, ट्यूमर समोरच्या टोकाबाहेर चाललाय का बघा, झालं. आयपीसवर २२ असेल तर गोल २.२ चा होतो, शेजारच्या टेबलावर जाऊन बसलात की हे विसरायला होतं. जिथे कॅप्सूल पूर्ण गेलीय तिथे दोन्ही बाजूला उरलेल्या कॅप्सूलवरून रेघ मनात ओढावी लागते आणि दोन माणसं दोन रेघा ओढतात, त्याला इलाज नाही. पण १.८ की २.१ यावर अर्धा तास घालवणारे बघितले की मला हसू येतं, मायनर असो की मेजर, स्टेजिंगला दोन्ही पॉझिटिव्हच. डोकं आहे की नाही यावर लावा, माप लिहून मोकळे व्हा.

तुमच्या डिपार्टमेंटला छापील फॉरमॅट नसेल तर मागे लागून करून घ्या. आयसीसीआर या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नेक डिसेक्शनचा डेटासेट आणि कॅपचे (कॉलेज ऑफ अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट्सचे) प्रोटोकॉल दोन्ही फुकट मिळतात, त्यावरून एका पानाचा फॉरमॅट बनतो. त्यात ईएनईसमोर आहे, नाही आणि ठरवता येत नाही असे तीन पर्याय हवेत, आणि खाली वरच्या अडचणींबद्दल तुमच्या लॅबने काय ठरवलंय ते चार ओळींत. खरोखरच ठरत नसेल तर डीपर सेक्शन, मग दुसऱ्याला दाखवणं, आणि तरीही शंका उरली तर टीएनएम स्टेजिंगचा जुना नियम आहेच, शंका असेल तर खालची कॅटेगरी. पण तो नियम गुपचूप वापरू नका, कमेंटमधे लिहा आणि ट्यूमर बोर्डाच्या (सगळे मिळून उपचार ठरवतात त्या मीटिंगच्या) आधी सर्जनला फोन करा. कमेंट कोणी वाचत नाही, फोन उचलतात.

ग्रे केसेस एका ट्रेमधे बाजूला ठेवून आठवड्यातून एकदा एकत्र बघायची पद्धत चांगली, एक अट, बोलायच्या आधी प्रत्येकाने उत्तर चिठ्ठीवर लिहायचं. नाहीतर सर 'आहे' म्हणाले की सगळ्यांना लगेच दिसायला लागतं.

आणि थीसिस शोधत असाल तर हा विषय छान आहे, खर्च नाही, किट नाही, जुन्या स्लाईड पुरतात. आधी तीन-चार जणांना स्लाईड नुसत्या वाचायला द्या, मग लिहिलेले नियम समजावून, मधे विसरायला पुरेसा वेळ जाऊ देऊन, त्याच स्लाईड क्रम बदलून परत द्या आणि दोन्ही वेळचा कप्पा, म्हणजे योगायोगाचं वगळून एकमत मोजणारा आकडा, काढा. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या तक्त्यात ०.६१ ते ०.८० म्हणजे सब्स्टान्शियल, ते सगळेच छापतात, पण एक्झॅमिनर विचारणार की केसेस कशा निवडल्या, कारण सगळ्या सोप्या घेतल्या तर एकमत आपोआप चांगलं येतं आणि सगळ्या एकाच प्रकारच्या घेतल्या तर एकमत असूनही कप्पा पडतो. वाचणाऱ्यांत एक तरी ओरल पॅथॉलॉजीचा घ्या, गोव्यात बांबोळीला मेडिकल आणि डेंटल कॉलेज दोन्ही आहेत तर कोणीतरी तयार होईलच. जुन्या रिपोर्टवरचं उत्तर कोणाला दिसू देऊ नका, स्लाईडवरचे पेनाचे ठिपके स्पिरिटने पुसून घ्या, ठिपका दिसला की सगळे तिथेच बघतात. आणि स्टॅटिस्टिक्सवाल्यांकडे सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) सबमिट करायच्या आधी जा, नंतर गेलात तर ते फक्त चहा पाजतात.