फुप्फुसाचा जुनाट आजार आणि मनगटावरचे घड्याळ : या चुका टाळा

कोविडच्या साथीत बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर सांगली-साताऱ्याच्या घरोघरी पोचला, आणि त्यापाठोपाठ ऑक्सिजन, नाडी व श्वासाचा वेग दाखवणारी स्मार्टवॉच आली. सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होऊन कायम धाप लागणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) असलेल्या, किंवा टीबी बरा झाल्यानंतरही फुप्फुसे कायमची अधू राहिलेल्या ज्येष्ठांसाठी मुले-नातवंडे ही घड्याळे हौसेने आणि काळजीपोटी घेतात. यंत्र चांगलेच आहे; मात्र ते वापरताना दोन प्रकारच्या चुका होतात. काही घरांत एखादा कमी आकडा दिसताच विनाकारण घबराट उडते, तर काही घरांत चांगला आकडा पाहून माणूस खरोखर आजारी असतानाही सगळे निर्धास्त राहतात. यांपैकी दुसरी चूक अधिक घातक आहे, म्हणून या लेखात तिच्यावर अधिक भर दिला आहे.

स्वतःचा नेहमीचा आकडा ठाऊक नसणे

निरोगी माणसाचा ऑक्सिजन साधारणपणे ९५ ते १०० टक्के असतो, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे आणि घोळही तिथूनच सुरू होतो. आजोबांचा आकडा ९१ आणि नातवाचा ९८ दिसला की घरातल्यांना वाटते, आजोबांना ताबडतोब दवाखान्यात न्यावे. वास्तविक सीओपीडी वाढलेल्या अनेक रुग्णांचा स्थिर काळातला आकडाच ९० ते ९३ च्या आसपास असतो. ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचण्याची प्रवृत्ती आहे, त्यांच्यासाठी तर डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ टक्के हेच उद्दिष्ट ठरवतात.

त्यामुळे यंत्र घेतल्यावर पहिले काम म्हणजे तब्येत बरी असतानाचा आपला आकडा शोधणे. एक-दोन आठवडे रोज एकाच वेळी, पाच-दहा मिनिटे शांत बसून, हात ऊबदार असताना, एकाच बोटावर मोजावे. यंत्र लावल्याबरोबर दिसणारा पहिला आकडा टिपू नये. मिनिटभर थांबून तो स्थिरावू द्यावा. आकड्याशेजारी नाडी, श्वासाचा वेग आणि त्या वेळी नाकात ऑक्सिजनची नळी होती की नव्हती, हेही लिहावे. ही वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवून, कोणत्या आकड्याला फोन करायचा आणि कोणत्या आकड्याला थेट रुग्णालय गाठायचे, हे त्यांच्याकडूनच वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. दोन अंकांच्या चढउताराला सहसा काही अर्थ नसतो, कारण चांगल्या ऑक्सिमीटरचा आकडाही रक्ताच्या प्रत्यक्ष तपासणीपेक्षा दोन ते चार अंकांनी कमी-जास्त असू शकतो. नेहमीपेक्षा तीन-चार अंकांनी खाली आलेला आणि पुन्हा पुन्हा मोजूनही वर न जाणारा आकडा मात्र दुर्लक्षू नये.

बोटाच्या यंत्रावर दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. वयस्कर रुग्ण, विशेषतः चष्मा न लावता, ८८ ही नाडी ऑक्सिजन समजून घाबरतात किंवा ९६ नाडी पाहून समाधान मानतात. ऑक्सिजनच्या आकड्याशेजारी रंगीत टिकली चिकटवून ठेवली की हा गोंधळ टळतो.

मनगट आणि बोट एकच समजणे

बोटाच्या यंत्रात लाल आणि अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो. मनगटावरच्या घड्याळाला मात्र त्वचेवरून परत आलेल्या क्षीण प्रकाशावर भागवावे लागते, आणि मनगटाजवळ हाडे व शिरा अधिक असतात. म्हणूनच ऑक्सिजन दाखवणाऱ्या बऱ्याच स्मार्टवॉचच्या माहितीपत्रकात हा आकडा वैद्यकीय निर्णयासाठी नाही, असे स्पष्ट छापलेले असते. घड्याळाने दिवसांमागून दिवसांचा कल पाहावा आणि शंका आली की बोटाच्या यंत्राने खात्री करावी, हीच वाटणी योग्य.

आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी पाहाव्या लागतात. मनगटावर किंवा हातावर जुने गोंदण असेल तर त्याची शाई प्रकाश शोषून घेते. अशा वेळी घड्याळ दुसऱ्या हाताला किंवा गोंदण नसलेल्या जागी बांधावे. बांगड्यांच्या मधे अडकवलेले घड्याळ सैल राहते. ते मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, रुतणार नाही पण सरकणारही नाही इतके घट्ट असावे. बोटावर गडद मेंदी किंवा नखाला रंग असेल तर दुसरे बोट वापरावे. त्वचेच्या वर्णाचाही परिणाम होतो. अमेरिकेतील रुग्णांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असूनही ऑक्सिमीटरने तो चांगला दाखवण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. सावळ्या वर्णाच्या रुग्णाने आकडा चांगला असूनही धाप वाढली असेल तर धापेवर विश्वास ठेवावा.

धुराच्या घरातला चांगला आकडा

ही चूक सर्वांत कमी बोलली जाते आणि आपल्या भागात तिचे महत्त्व मोठे आहे. चुलीचा, पाणी तापवायच्या बंबाचा, बंद खोलीत पेटवलेल्या शेगडीचा किंवा विडी-सिगारेटचा धूर छातीत गेला की त्यातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. घरगुती ऑक्सिमीटर दोनच प्रकारचे प्रकाश वापरत असल्यामुळे त्याला कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजन धरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही; ते दोन्ही मिळून एकच चांगला आकडा दाखवते. म्हणजे ज्या बाईने आयुष्यात कधी विडी ओढली नाही, पण चाळीस वर्षे चुलीपुढे बसून जिची फुप्फुसे झिजली, तिलाच स्वयंपाकानंतर यंत्र खोटा दिलासा देऊ शकते.

यात ऋतूची भर पडते. उसाचा गळीत हंगाम थंडीत चालतो. गुऱ्हाळांचा धूर, फडात जाळलेले पाचट, सकाळचे धुके आणि सर्दी-खोकल्याची साथ हे सगळे एकाच काळात येते, आणि दमेकऱ्यांचा आजार बळावण्याचे दिवसही हेच असतात. याच दिवसांत पहाटे बोटे गार पडल्यामुळे यंत्राला नाडी नीट सापडत नाही, आकडा उगाच कमी येतो किंवा येतच नाही. धुरामुळे वर आणि थंडीमुळे खाली, असे दोन्हीकडून आकडे बिघडत असल्याने हंगामात एकट्या आकड्यावर विसंबणे धोक्याचे असते. हात चोळून, कोमट पाण्यात बुडवून, पुसून मग मोजावे. चुलीजवळून किंवा बंबाजवळून उठल्यावर लगेच मोजू नये. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे अशी तक्रार बंद खोलीतल्या शेगडीजवळ किंवा बाथरूममधल्या गॅस गिझरपाशी सुरू झाली, तर आकडा ९९ असला तरी आधी मोकळ्या हवेत यावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

रक्तक्षयाचेही असेच आहे. हिमोग्लोबिनच कमी असेल तर असलेले सगळे ऑक्सिजनने भरलेले दिसते आणि टक्केवारी उत्तम येते, पण शरीराला पोचणारा एकूण ऑक्सिजन अपुराच राहतो.

आकडा पाहून ऑक्सिजन वाढवणे

घरी ऑक्सिजन मशीन असलेल्या रुग्णाचा आकडा ८९ दिसला की घरचे माणूस मायेपोटी फ्लो एक लिटरवरून तीनवर नेते आणि आकडा ९७ झाला की हायसे वाटते. ज्या रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साचतो, त्यांच्यात असा जादा ऑक्सिजन तो साचण्याचे प्रमाण आणखी वाढवू शकतो; रुग्ण गुंगीत जातो आणि त्या वेळीही घड्याळ व ऑक्सिमीटर दोन्ही उत्तम आकडे दाखवत राहतात. बोटाचे किंवा मनगटाचे कोणतेही नेहमीचे यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. त्यासाठी रुग्णालयात धमनीतल्या रक्ताची तपासणी करावी लागते. सकाळी उठताना डोके जड होणे, दिवसा अवेळी झोप येणे, बोलण्यात गोंधळ, हातांना थरथर ही लक्षणे दिसली तर ती ऑक्सिजनच्या आकड्यापेक्षा महत्त्वाची समजावीत. फ्लो किती आणि दिवसातून किती तास, हे डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच ठेवावे. उलट, आकडा बरा दिसतो म्हणून मशीन बंद करून ठेवणेही चूकच आहे, कारण दीर्घकालीन ऑक्सिजनचा लाभ होण्यासाठी तो दिवसाकाठी किमान १५ तास घ्यावा लागतो.

फक्त बसून मोजणे

काही रुग्णांचा आकडा बसलेले असताना ९४ असतो आणि जिना चढून, विहिरीपर्यंत जाऊन येताच ८६ होतो. घड्याळाला हालचालीत ऑक्सिजन नीट मोजता येत नाही, त्यामुळे त्याच्या दिवसभराच्या नोंदीत ही घट दिसत नाही. चालून आल्याबरोबर बसून बोटाला यंत्र लावावे आणि वारंवार घट आढळल्यास डॉक्टरांकडे सहा मिनिटे चालण्याची चाचणी करून घ्यावी. श्वासाचा पंप (इनहेलर) घेतल्यानंतर काही वेळ नाडी वाढलेली दिसते, त्याने घाबरू नये. साताऱ्याहून महाबळेश्वरला गेल्यावर, म्हणजे सुमारे १३५० मीटर उंचीवर, आकडा थोडा उतरतो हेही लक्षात असू द्यावे. ज्यांचा आकडा मुळातच काठावर आहे, त्यांनी जाण्यापूर्वी विचारून घ्यावे.

रात्रीची नोंद वाया घालवणे

माझ्या मते घड्याळाचा खरा उपयोग रात्री आहे. झोपेतला श्वासाचा वेग आणि नाडी हे शांत अवस्थेतले असल्यामुळे एका रात्रीची दुसऱ्या रात्रीशी तुलना करता येते. आजार बळावण्याच्या आधीच्या दिवसांत हा वेग वाढू लागतो, पावले कमी होतात, बेडक्याचा रंग पालटतो. सलग दोन-तीन रात्री वेग नेहमीपेक्षा चढा असेल आणि बरोबर कफही वाढला असेल, तर आकडा घसरण्याची वाट न पाहता फोन करावा. एखाद्याच क्षणी ८० पर्यंत घसरून परत आलेला ऑक्सिजन मात्र हात अंगाखाली दबल्यामुळेही असू शकतो. तसे रोज होत असेल तर झोपेची तपासणी विचारावी.

नेमके याच वेळी अनेक घरांत घड्याळ चार्जिंगला लावलेले असते. ते संध्याकाळी अंघोळीच्या किंवा जेवणाच्या वेळी चार्ज करून झोपताना हातात घालावे. दुसरी अडचण सूचनांची. घड्याळ मिरजेत आईच्या हातात, पण ज्या फोनशी ते जोडलेले आहे तो मुलाबरोबर पुण्यात, अशी स्थिती असेल तर इशारा कोणालाच वेळेवर मिळत नाही. घड्याळ रुग्णाजवळ राहणाऱ्या माणसाच्या फोनला जोडावे, त्या फोनची बॅटरी वाचवण्याची सोय ॲपला बंद पाडत नाही ना हे तपासावे, आणि त्या माणसाला वहीचे पहिले पान वाचून दाखवावे. ओठ निळसर पडणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, माणूस ओळखू न येणे यांपैकी काही दिसल्यास त्याने यंत्र शोधत न बसता १०८ ला फोन लावायचा आहे.