गावच्या गोलंदाजांचा इतिहास कसा नोंदवावा

बेळगाव-खानापूर भागातील मैदानांवर घडलेल्या गोलंदाजांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने अमेरिकेतील पॉटकेट या लहान शहराचे उदाहरण आधी पाहावे. १९७० ते २०२० या काळात तेथे बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल क्लबचा दुय्यम लीगमधील, म्हणजे मुख्य संघासाठी खेळाडू घडवणारा, संघ खेळत असे. एप्रिल १९८१ मध्ये रोचेस्टरच्या संघाविरुद्धचा, एरवी नऊ इनिंग्जचा असणारा सामना ३२ इनिंग्जनंतर पहाटे थांबवावा लागला आणि जूनमध्ये ३३व्या इनिंगला संपला. त्या रात्री पॉटकेटकडून चेंडू टाकताना ब्रूस हर्स्टने एकही धाव दिली नाही. जूनमधल्या अखेरच्या इनिंगला त्याचाच संघसहकारी बॉब ओहीडा चेंडू टाकायला आला आणि विजय त्याच्या नावावर लागला. हेच दोघे १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेत, परस्परविरोधी संघांत होते, हर्स्ट बॉस्टनकडून आणि ओहीडा न्यूयॉर्क मेट्सकडून. ते नावारूपाला येण्याआधीच त्यांची कामगिरी नोंदली गेली होती, म्हणून हा धागा आज जुळवता येतो.

तेव्हा सुरुवात नामवंतांच्या यादीपासून न करता स्कोअरबुकापासून करावी. बेळगावचा रोनित मोरे कर्नाटकाकडून रणजी खेळला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यासोबत चेंडू टाकणाऱ्या इतरांचे पुढे काय झाले, हेही नोंदवहीत आले पाहिजे.

प्रत्येक हंगामाला स्वतंत्र पान द्यावे आणि तारीख, मैदान, षटके, धावा व बळी उतरवावेत. टेनिस बॉल आणि सीझन बॉलच्या स्पर्धा एकाच तक्त्यात मिसळू नयेत. नावांबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण आपल्याकडे एकाच संघात तीन-तीन पाटील असतात आणि ‘पाटील ४ बळी’ एवढ्यावरून दहा वर्षांनी काहीही उलगडत नाही. पूर्ण नाव आणि गाव, येळ्ळूर की कडोली की उचगाव, हे सामन्याच्या दिवशीच विचारून लिहावे. जुन्या हंगामांसाठी वाचनालयातील मराठी दैनिकांच्या फायली चाळून बातमीतील आकडे क्लबच्या वहीशी ताडावेत.

दुय्यम लीगमध्ये दुखापतीतून सावरणारे मोठे खेळाडूही एखाद-दुसरा सामना खेळून जातात. त्यांना त्या शहरात घडलेल्यांत धरत नाहीत. आपणही बक्षिसाच्या स्पर्धेसाठी बाहेरून आणलेला गोलंदाज वेगळ्या रकान्यात दाखवावा.

होतकरू गोलंदाज हेरताना केवळ बळींच्या संख्येवर भुलू नये. वाइड, नोबॉल आणि त्रिफळे वेगळे मोजावेत. मॅटवर चेंडू अधिक उसळतो, त्यामुळे खेळपट्टी मॅटची होती की टर्फची, हेही त्याच पानावर लिहावे.