गुणोत्तर शिकवण्याआधी विचारा: तुला कोण व्हायचंय?

‘हे गणित पुढे कुठे लागणार?’ या प्रश्नाला ‘परीक्षेत येतं’ हे उत्तर देऊ नका. कोणाला काय व्हायचंय ते चिठ्ठीवर लिहून घ्या आणि धडा घेताना त्यातल्याच एखाद्या कामातलं उदाहरण उचला.

कुणी नर्स लिहिलं असेल तर गुणोत्तरासाठी सलाइन घ्या. ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची आहे आणि सलाइनच्या नळीच्या सेटमधून २० थेंबांत १ मिली जातं, तर मिनिटाला किती थेंब सोडायचे? एकूण १०,००० थेंब, २४० मिनिटं. म्हणजे साधारण ४२. थेंब कमी-जास्त झाले तर बाटली किती वेळात संपेल, हेही मुलांनाच काढू द्या. इथे उत्तर चुकलं तर पेशंटचं काय होईल, हे त्यांच्या लगेच लक्षात येतं आणि ती स्वतःहून पुन्हा भागाकार तपासतात.

आयटीआयला जाऊन इलेक्ट्रिशियन व्हायचं म्हणणाऱ्याला विजेच्या धड्यात विचारा, २००० वॉटचा गिझर ६ अँपिअरच्या सॉकेटवर का चालवायचा नाही? २००० भागिले २३० व्होल्ट, सुमारे ८.७ अँपिअर. म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट.

क्रिकेटर लिहिणाऱ्याला हसू नका. स्ट्राइक रेट म्हणजे शेकडेवारीच. ज्या कामाची आपल्याला माहिती नाही, त्यासाठी तेच काम करणाऱ्या एखाद्या पालकाला अर्धा तास वर्गात बोलवा. आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर चिठ्ठ्या पुन्हा लिहून घ्या, कारण या वयात आवडी भराभर बदलतात.