वूड स्टोव्हजवळ चिमणी गळतेय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडात किंवा कॅनडातल्या ओंटारिओत जुनं घर घेतलं की पुष्कळदा वूड स्टोव्ह, म्हणजे लाकडं जाळून घर ऊबदार ठेवणारी शेगडीही त्यासोबत येते. मग कधीतरी तापलेल्या स्टोव्हवर थेंब पडून चर्र होतं, पाईपवर ओघळ दिसतो आणि घरातलं कुणीतरी सिलिकॉनची ट्यूब घेऊन शिडीवर चढतं. पहिली चूक हीच. पाणी कुठलं ते कळल्याशिवाय काहीही बुजवू नका.

आधी ओघळाचा रंग बघा. काळपट, चिकट आणि उग्र धुरकट वासाचा असेल, त्यातून पाऊस नसताना येत असेल, तर छपराला दोष देऊ नका. ओल्या लाकडाची वाफ थंड चिमणीत निवते आणि क्रिओसोट (धुरातून चिमणीत साचणारा डांबरासारखा काळा थर) घेऊन खाली उतरते. चिमणीला आग लागते ती याच क्रिओसोटमुळे, तेव्हा हे नुसत्या डागाचं दुखणं नाही. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. ओलावा मोजायचं मीटर टोचायचं ते ओंडका फोडून आतल्या अंगाला. बाहेरून काय, सगळीच लाकडं कोरडी दिसतात. ओकला दोन वर्षंही लागतात वाळायला. रात्रभर हवा कोंडून स्टोव्ह धुमसत ठेवायची सवयही सोडा.

त्याच वेळी पाईपचे सांधे तपासा. चुण्या पाडलेलं टोक खालच्या तुकड्याच्या आत जायला हवं. ‘धूर वर जातो’ म्हणून बरेच जण उलटं जोडतात आणि काळा रस सांध्यातून बाहेर येतो.

पाणी स्वच्छ आणि फक्त पावसानंतर येत असेल, तर मात्र छपराकडे वळा. एकाने माळ्यावर टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून होज धरायचा: आधी चिमणीखालचं छप्पर, मग फ्लॅशिंग (चिमणी आणि छपराच्या सांध्यावरचे पत्रे), मग विटा, सर्वांत शेवटी माथा. प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजेल आणि कळणार काहीच नाही. पाणी वाशावरून वाहत येतं, त्यामुळे डाग एकीकडे आणि भोक भलतीकडे असू शकतं.

फ्लॅशिंगवर डांबर फासणं हा तात्पुरता इलाज. थंडी-उन्हात ते तडकतं आणि पाणी त्याच्यामागे अडकतं. शिंगल्समध्ये (छपरावर एकावर एक बसवलेल्या चपट्या तुकड्यांमध्ये) पायरीपायरीने बसवलेले पत्रे आणि त्यांच्यावर विटांच्या सांध्यात खोचलेला दुसरा पत्रा, असे दोन थर लागतात. चिमणी ३० इंचांहून रुंद असेल तर उताराच्या वरच्या अंगाला छोटा दुपाखी उंचवटाही हवा.

विटांना रंग किंवा चकचकीत सीलर नको. आत कोंडलेलं पाणी गोठलं की विटांचे पापुद्रे सुटतात. वाफ बाहेर जाऊ देणारा सायलोक्सेनचा सीलर चालतो.

आणि धातूच्या चिमणीभोवतीची मोकळी जागा गळतीच्या भीतीने फोम किंवा इन्सुलेशनने भरू नका. लाकडी वाशांना आच लागू नये म्हणून ती मुद्दाम सोडलेली असते. आधीच्या मालकाने भरली असेल, तर स्टोव्ह पेटवण्याआधी चिमणीवाल्याला बोलवा.